बत्ती कोणाची? खाडीच्या तोंडावरचं जुनं दीपगृह सांभाळायला घेताना

१ मे २०२२ च्या ग्रामसभेत शेवटून दुसरा विषय होता ‘धोकादायक बांधकामे’. त्यात दोन पडकी घरं, शाळेची जुनी मुतारी आणि खाडीच्या तोंडावरची बत्ती. आदल्या वर्षी १६ मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं, त्यात बत्तीच्या सज्जाचा निम्मा कठडा खाली आला होता. उरलेला निम्मा वाऱ्यावर करकरत होता. पोरं वर चढतात, उद्या कोणी पडलं तर जबाबदार कोण, पाडून टाकूया, असं दोघातिघांनी म्हटलं आणि ग्रामसेवक लिहायला लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरून तात्या उठले. तात्या म्हणजे आमच्याकडचे जुने तांडेल. आता होडीवर मुलगा जातो, ते जाळी शिवतात. म्हणाले, “पाडूचो की ठेवूचो ता मगे बघूया. आधी तो खांब कोणाचो ता सांगा.”

सभेत कोणालाच सांगता आलं नाही. विषय पुढच्या सभेवर गेला आणि मी, जी फक्त पाणीपट्टीचा विषय ऐकायला गेले होते, घरी येताना तात्यांबरोबर बोलत आले. तिथून हे सुरू झालं.

गेल्या वर्षभरात किनाऱ्यावरच्या तीन-चार गावांतून फोन आले, ‘तुम्ही कसं केलंत?’ म्हणून. दर वेळी तासभर बोलण्यापेक्षा एकदा लिहून काढते. गावाचं आणि कार्यालयांची नावं टाकणार नाही. ज्यांनी अडवलं त्यांची काळजी नाही, पण ज्यांनी नियमात बसवून मदत केली त्यांना उगाच त्रास व्हायला नको. मी आंबा कॅनिंगच्या कारखान्यात हिशेब बघते. दीपगृहातलं मला तेव्हा काही कळत नव्हतं, आणि आजही जेवढ्यास तेवढंच कळतं.

बत्ती म्हणजे काय, तर जांभ्या चिऱ्यांचा, साधारण चार माणूस-उंचीचा गोल मनोरा. वर लोखंडी सांगाड्याची खोली, तिच्या काचा कधीच फुटलेल्या. दिवा, भिंग, काही नाही. रत्नागिरीच्या किल्ल्यावर १८६७ पासून दीपगृह आहे, देवगडच्या किल्ल्यातलं १९१५ चं. त्यांच्या पंक्तीत बसणारं हे नाही. ही बंदरातली छोटी बत्ती, खाडीत शिरणाऱ्या गलबतांपुरती. तात्यांच्या लहानपणी बत्तीवाला रोज संध्याकाळी रॉकेलचा डबा दोराने वर ओढून घ्यायचा. वरच्या खिडकीच्या उंबऱ्यावर, जांभ्यात, त्या दोराने पडलेली खाच आहे. माझी दोन बोटं आडवी बसतील एवढी खोल. मी पहिल्यांदा वर गेले तेव्हा त्या खाचेत बोट घालून बराच वेळ उभी राहिले होते. खाली उतरायची भीती वाटत होती, हेही खरं.

मालक शोधण्याचे पाच महिने

सगळ्यात आधी सातबारा. महाभूमीच्या डिजिटल सातबारा पोर्टलवर डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो. आमच्या गट क्रमांकावर भोगवटादार ‘सरकार’, आणि इतर अधिकारात काही नाही. सरकार म्हणजे कोण? महसूल, बंदर, वन, की केंद्र? आमच्यात एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. ते म्हणाले, “उताऱ्यावर ‘सरकार’ लिहिलेलं असलं की समजायचं, कोणीतरी कधीतरी फेरफार घालायचा विसरलाय.”

मला वाटत होतं दीपगृह म्हटलं की सगळं केंद्राचं. तसं नाही. समुद्रातून जाणाऱ्या जहाजांसाठीची मोठी दीपगृहं केंद्राच्या दीपस्तंभ आणि दीपनौका महासंचालनालयाकडे असतात. त्यांचं मुख्यालय नोएडाला आहे (समुद्रापासून एवढं लांब का, हा प्रश्न तात्यांनी दोनदा विचारला). १९२७ च्या जुन्या कायद्यातच सर्वसाधारण दीपगृहं वेगळी आणि स्थानिक दीपगृहं वेगळी अशी विभागणी होती. स्थानिक म्हणजे त्या त्या बंदराच्या ताब्यातली. आपल्याकडची लहान बंदरं आधी राज्याच्या बंदर खात्याकडे होती, १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. म्हणजे तुमच्या गावचं दीपगृह कोणत्या प्रकारातलं, हे कळल्याशिवाय अर्जाच्या ‘प्रति’मध्ये काय लिहायचं तेच ठरत नाही. आमचा पहिला अर्ज चुकीच्या पत्त्यावर गेला आणि सात आठवडे तिथेच राहिला. चूक आमचीच.

जूनमध्ये भाऊंच्या सांगण्यावरून माहिती अधिकाराचे अर्ज टाकले. राज्याच्या दोन कार्यालयांना दहा-दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, केंद्राला पोर्टलवरून, तिथेही दहाच रुपये. नियमाने उत्तर तीस दिवसांत. मी सरळ विचारलं होतं, ‘सदर दीपगृह कोणाच्या मालकीचे आहे?’ एकाने कलम ६(३) खाली अर्ज दुसऱ्याकडे पाठवला. दुसऱ्याने लिहिलं, ‘माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.’ तिसऱ्याने लिहिलं की प्रश्नार्थक माहिती देता येत नाही.

तिसऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माहिती अधिकारात तुम्ही कागद मागता, मत नाही. ऑगस्टमध्ये परत अर्ज केला. या वेळी मालकीचा शब्दच काढला नाही. ‘या वास्तूच्या रंगकामावर किंवा दुरुस्तीवर शेवटचा खर्च ज्या नोंदीवरून झाला, त्या नोंदीची प्रत मिळावी’ एवढंच लिहिलं. सत्ताविसाव्या दिवशी पाकीट आलं. आत एका जुन्या मालमत्ता-यादीची झेरॉक्स, त्यात आमच्या बत्तीपुढे पांढऱ्या रंगाचा खर्च. शेवटचं रंगकाम ज्याने केलं, मालक तोच निघाला. हिशेबाच्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती झेरॉक्स वाचून दाखवली. पाडायचा विषय आपोआप मागे पडला, कारण दुसऱ्याची वस्तू ग्रामपंचायत पाडणार कशी? त्याच सभेत ‘बत्तीच्या देखभालीसाठी स्थानिक संस्था काम करत असल्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही’ असा ठराव झाला. त्या ठरावाची शिक्का मारलेली नक्कल मी पाच प्रतींत घेतली. तुम्ही दहा घ्या. प्रत्येक टेबलावर एक जाते आणि एकही परत येत नाही.

संस्था

खरं तर आम्हाला संस्था नको होती. सात-आठ माणसं रविवारी जाऊन झाडू मारणार, त्याला कशाला कागद? पण व्यक्तीच्या नावाने परवानगी मिळत नाही, आणि दुरुस्तीला पैसे गोळा करायचे तर संस्थेची नोंदणी हवीच. नोंदणी होईपर्यंत संस्थेच्या नावाने पावती फाडायची नाही, हे आम्हाला सुरुवातीलाच कोणीतरी बजावलं ते बरं झालं. तोवरचा खर्च आम्ही आपसात वर्गणी काढून एका शंभर पानी वहीत लिहिला.

आपल्या राज्यात साधारण दोन पायऱ्या असतात. आधी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था, त्याला किमान सात सभासद लागतात. मग तीन महिन्यांच्या आत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास म्हणून अर्ज. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात आणि अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. पण मूळ कागद घेऊन जावं लागतंच.

आमचे सात म्हणजे तात्या, भाऊ, मी, एक निवृत्त एसटी चालक, शाळेतले मास्तर, जेटीवर चहाची टपरी चालवणाऱ्या काकी आणि मास्तरांचा माजी विद्यार्थी, जो पुण्यात असतो आणि दर सहीसाठी रात्रीच्या गाडीने यायचा. यावरून एक सांगते. सातातले सगळे गावात राहणारे घ्या. हौसेने मुंबई-पुण्याचं नाव घालू नका.

पहिली त्रुटी नावावर निघाली. आम्ही नावात ‘राष्ट्रीय वारसा’ घातलं होतं. सरकारी संस्थेचा भास होईल असे शब्द चालत नाहीत. मग गावाचं नाव आणि ‘बत्ती जतन मंडळ’ असं साधं ठेवलं. दुसरी त्रुटी पत्त्यावर. कार्यालयाचा पत्ता मास्तरांच्या घराचा दिला होता, पण घरपट्टी त्यांच्या वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन अकरा वर्षं झालेली. शेवटी काकींच्या घराचा पत्ता, त्यांचं संमतीपत्र आणि वीजबिल लावलं. तिसरी त्रुटी अशी की तात्यांची सही आधारवर एक, पॅनवर दुसरी आणि अर्जावर तिसरी. तात्यांनी एक संध्याकाळ माझ्या ओट्यावर बसून एकच सही चाळीस वेळा गिरवली. “जाळ्याची गाठ कधी चुकली नाय,” म्हणाले, आणि पेन ठेवून दिलं.

संस्था नोंदणीचा दाखला २९ नोव्हेंबर २०२२ ला मिळाला. न्यासाचा अर्ज डिसेंबरात गेला, मग नोटीस, हरकतींची मुदत, एक तारीख, ती पुढे गेली, दुसरी तारीख. १७ एप्रिल २०२३ ला ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हातात पडला. सरकारी फी किरकोळ होती. सल्लागाराचे ९,०००, स्टॅम्प-नोटरी-झेरॉक्सचे २,३५०, फेऱ्यांचे ३,१००, एकूण १४,४५० रुपये. सल्लागार न घेता होतं का? होतं. फक्त घटना-नियमावली स्वतः वाचायची तयारी हवी. आम्ही ती न वाचता सही केली आणि सहा महिन्यांनी कळलं की आमच्या उद्देशांत ‘गोशाळा चालवणे’ आहे. सल्लागाराकडचा आधीचा मसुदा तसाच आला होता.

त्यानंतरचं पटकन सांगते. संस्थेचं पॅन, मग बँकेत खातं. बँकेला तिन्ही सह्या करणारे एकाच वेळी समोर हवेत, म्हणून त्यात एक अख्खा दिवस गेला. मग तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) साठी फॉर्म १०ए. त्याला सरकारी फी नव्हती, सनदी लेखापालांनी ४,००० घेतले. तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची मिळाली. काम सुरू केल्यापासून सहा महिन्यांत किंवा मुदत संपायच्या सहा महिने आधी, जे आधी येईल तेव्हा, पक्क्या नोंदणीसाठी फॉर्म १०एबी भरायचा होता. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख घेऊ नका, आणि दरवर्षी ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण (तेव्हाचा फॉर्म १०बीडी) भरायला विसरू नका. ३१ मे म्हणजे माझ्या कॅनिंगचा ऐन मोसम. पहिल्या वर्षी शेवटच्या रात्री साडेअकराला भरलं.

एका शब्दाने अडलेली परवानगी

मे २०२३ मध्ये आम्ही मालक निघालेल्या कार्यालयाला छान टाइप केलेला, रंगीत फोटो लावलेला अर्ज दिला. विषय होता ‘ऐतिहासिक दीपगृहाचे जतन, संवर्धन व पर्यटनदृष्ट्या विकास करण्यास परवानगी मिळणेबाबत’. मास्तरांनी मसुदा केला होता, भाषा सुरेख होती. अर्ज आवक शाखेत दिला, पोच घेतली आणि आम्ही पेढे खाल्ले.

ऑगस्टपर्यंत काही नाही. मी चार फेऱ्या मारल्या. साहेब दौऱ्यावर, साहेब बैठकीत, फाईल वर गेलीय, फाईल खाली आलीय. सप्टेंबरच्या सुरुवातीला पत्र आलं. त्यात संरचनात्मक तपासणी अहवाल, सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) संदर्भातला खुलासा, पुरातत्त्वीय दर्जाचा दाखला, निधीचा स्रोत, पर्यटन आराखडा आणि आणखी सहा मुद्दे. त्या दिवशी मी एसटीत बसून रडले. सांगायला लाज वाटत नाही. दीड वर्ष झालं होतं आणि आम्ही बत्तीला अजून एक झाडूही मारला नव्हता.

दुसऱ्याच एका कार्यालयातल्या एका बाईंनी गाठ सोडवली. त्यांचा या फाईलशी संबंधही नव्हता. पत्र वाचून म्हणाल्या, “तुम्ही ‘विकास’ मागितलात ना, म्हणून विकासाचे कागद मागितलेत. ‘संवर्धन’ म्हटलं की त्याला तज्ज्ञ लागतो. तुम्हाला आत्ता नक्की करायचंय काय?”

मी म्हटलं, पारव्यांची घाण काढायचीय, पिंपळ तोडायचाय, दाराला कुलूप लावायचंय.

“मग तेवढंच लिहा.”

नवा अर्ज अर्ध्या पानाचा होता. ‘आवारातील व आतील साफसफाई करणे, वनस्पती काढणे व प्रवेशद्वारास कुलूप लावणे, कोणतेही बांधकाम न करता, संस्थेच्या खर्चाने.’ सोबत हमीपत्र, की आत अपघात झाल्यास जबाबदारी संस्थेची आणि मालकी हक्क सांगणार नाही. १८ सप्टेंबरला दिला आणि ३ नोव्हेंबर २०२३ ला अकरा महिन्यांची परवानगी आली. ‘विकास’ या शब्दाला नाही म्हणायला दहा टेबलं असतात, हो म्हणायला एकही नसतं. कुलूप लावायला हो म्हणणारा माणूस त्याच कार्यालयात बसलेला असतो. तुमची वास्तू केंद्राकडची असेल तर वाट वेगळी. १९२७ च्या जागी २०२१ चा नवा कायदा आलाय, त्यात वारसा दीपगृह ठरवायची तरतूद आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला देशातल्या ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधांचं लोकार्पणही झालं. पण आमच्यासारख्या बंदरातल्या बत्तीला त्या वाटेने जाता आलं नाही.

झाडू, पिंपळ आणि माझं सिमेंट

पहिल्या रविवारी, १२ नोव्हेंबरला, दिवाळीच होती. तरी नऊ जण आले. पारव्यांची सुकलेली विष्ठा कोरडी झाडायची नाही, तिची धूळ छातीत जाते. आधी पाणी शिंपडायचं, मास्क लावायचा, मग फावड्याने काढायची. सहा रविवारांत एकोणसत्तर गोणी निघाल्या. (मोठ्या दीपगृहात कोणी आत जाणार असेल तर एक लक्षात ठेवा. जुनी फिरती भिंगं पाऱ्याच्या कुंडात तरंगत असायची. तसं काही दिसलं तर हात लावू नका, खात्याला कळवा. पारा विषारी असतो.)

पिंपळ ओढून काढायचा नाही, हे आम्हाला गवंड्याने सांगितलं. मुळाबरोबर चिरा येतो. बुंधा कापायचा, फुटवा आला की परत कापायचा, पुन्हा फुटला की पुन्हा. आजही दर महिन्याला एक फेरी असते.

आता माझ्या चुकीचं सांगते. परवानगी यायच्या आधी, २०२२ च्या डिसेंबरात, दाराच्या वरच्या भेगेतून पाणी उतरतं म्हणून मी आणि चालककाका एक सिमेंटची गोणी घेऊन गेलो होतो आणि ती भेग छान बुजवून आलो होतो. कोणाला विचारलं नाही. वाटलं, चांगलंच काम आहे. २०२४ च्या जानेवारीत संवर्धनाचं काम करणाऱ्या एक वास्तुविशारद तपासणीला आल्या. त्यांनी सवलतीत २२,००० रुपयांत अहवाल करून दिला. त्यांच्याबरोबर एक सत्तरीचे गवंडी होते. गवंडीबाबांनी भेगेपाशी थापीच्या दांड्याने ठोकलं आणि विचारलं, “हयसर शिमीट कोणी घातल्यान?”

मी गप्प.

जांभा म्हणजे सच्छिद्र दगड. पाणी पितो आणि सोडतो. चुन्याची दरज, म्हणजे दोन चिऱ्यांमधला सांधा, त्याच्याबरोबर श्वास घेते, पाणी दरजेतून निघून जातं. सिमेंट घट्ट असतं. पाणी बाहेर पडायला वाट नाही म्हणून ते चिऱ्यातून निघतं, सोबत खाऱ्या हवेतलं मीठ. मीठ चिऱ्याच्या आत सुकून फुगतं आणि चिऱ्याचा पापुद्रा सुटतो. तेरा महिन्यांत माझ्या सिमेंटच्या दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांचा पिठूळ भुगा होत होता. हाताने पुसला तर तळव्यावर तांबडा लागत होता. सिमेंट छिन्नीने काढायला दोन दिवस लागले आणि दोन चिरे बदलावे लागले. अहवालात ते ‘अलीकडील अयोग्य दुरुस्ती’ म्हणून नोंदलंय.

दरजा भरायची परवानगी वेगळी मागितली. या वेळी अहवाल सोबत होता आणि मजकूर नेमका, ‘चुन्याच्या मिश्रणाने दरजा भरणे व चुन्याचा हात मारणे’. ऑक्टोबर २०२४ मध्ये, अकरा महिन्यांच्या नूतनीकरणाबरोबर, तीही मिळाली. चुन्याचं काम पावसाळ्यात होत नाही, म्हणून दिवाळीनंतरच सुरू केलं. कळीचा चुना कोल्हापूरहून आला. काकींच्या परसात खड्डा खणून तो पाण्यात टाकला. टाकताच उकळायला लागतो, भसाभस वाफ येते. चष्मा लावल्याशिवाय जवळ जायचं नाही आणि पोरांना तर फिरकू द्यायचं नाही. एकवीस दिवस पाण्याखाली मुरवला. वर साय धरल्यासारखी लोण्याची वडी झाली. वाळू नदीची, तीही तीनदा धुतलेली. समोर एवढा पुळणीचा किनारा असताना वाळू विकत आणता, म्हणून गाव हसलं. पण समुद्राची वाळू घातली की मीठ भिंतीतच भरलं म्हणून समजा. त्यात विटांची सुरखी, म्हणजे भुकटी. गवंडीबाबांनी गुळाचं पाणीही घातलं. किती, ते त्यांनी मला मोजू दिलं नाही.

भरलेल्या दरजांवर दहा दिवस ओलं गोणपाट. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, घाईने सुकला तर भेगाळतो. गोणपाट भिजवायच्या पाळ्या लावल्या होत्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. दुपारची पाळी शाळेतल्या मुलांनी घेतली, अर्थात खालून पाईप धरून. वर कोणालाही चढू दिलं नाही.

खर्च असा. परांची ४८,०००. चुना, वाळू, सुरखी आणि वाहतूक ३१,५००. गवंडी आणि बिगारी ७९,०००. पाण्याचा टँकर, सुरक्षा पट्टे, मजुरांचा अपघात विमा, चहा, गोणपाट मिळून १९,७००. बेरीज १,७८,२००. देणग्या १,३१,००० जमल्या, बाकी आम्ही सातांनी आणि गावातल्या चार घरांनी घातले. विमा विसरू नका. आमच्याकडे काही झालं नाही, पण परांचीवर माणूस चढलेला असताना मला त्या कागदामुळेच खाली उभं राहवलं.

“पेटवणार कधी?”

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, देणगी देणारे तर पहिला विचारतात. उत्तर असं, की पेटवणार नाही. समुद्रात प्रत्येक अधिकृत दिव्याची लुकलुक ठरलेली असते आणि ती नकाशावर नोंदलेली असते. मध्येच कोणीतरी हौसेने दिवा लावला तर रात्री येणारी होडी चुकीच्या खुणेवर येऊ शकते. एका सणाला कोणीतरी वर रोषणाईची माळ सोडायची टूम काढली होती. तात्या एवढे संतापले की पुन्हा नाव निघालं नाही.

पण दिवसा बत्तीचा उपयोग आहे, हे मला त्यांनीच शिकवलं. आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडप, म्हणजे खडक, आहे. आत शिरताना बत्तीचा खांब आणि मागच्या टेकडीवरच्या देवळाचा कळस एका रेषेत आणायचे. ती रेष धरली की खडप डाव्या हाताला राहतं. खांब शेवाळाने काळा पडला तशी मागच्या झाडीत तो दिसेनासा झाला आणि नवी पोरं मोबाईलवर भरवसा ठेवायला लागली. म्हणून गावाला चुना हवा होता, आणि अर्जात मी ‘दिवसाची खूण’ असं लिहिलं होतं. परवानगीच्या पत्रात तेवढी एकच अट अधोरेखित होती, रंग पांढराच ठेवावा.

शेवटचा हात १९ जानेवारी २०२५ ला मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मुलाबरोबर होडीवर गेलेल्या तात्यांचा फोन आला. गुडघ्यांमुळे ते दोन वर्षांत होडीत चढले नव्हते. इंजिनाच्या आवाजात निम्मं ऐकूच येत नव्हतं. “वैनी, दिसता हा! कळसावर बरोबर येता!” आणि मग मुलाला उद्देशून काहीतरी, बहुतेक सुकाणू सरळ धर म्हणून.

कठडा अजून निम्माच आहे. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम करून देणारा माणूस शोधतोय, कोणाला माहीत असेल तर कळवा. दाराची एक किल्ली काकींच्या टपरीवर असते, वर जायचं असेल तर तिथे वहीत नाव लिहून मास्तरांना बरोबर घ्यायचं, एका वेळी चौघंच. आणि या ऑगस्टमध्ये पुन्हा नूतनीकरणाचा अर्ज आहे. मागच्या वेळच्या अर्जाची पोच कोणाकडे आहे, ते मी आज सकाळपासून शोधतेय.